वावरातल्या खोलीची शेगडी

हे लिहायला बसलो खरा, पण बसल्यापासून अवघडल्यासारखं होतंय. म्हणून आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलेलं नाही. बा सही करतो, पण सही पूर्ण होईपर्यंत श्वास रोखून धरतो. मायला स्वतःचं नाव वाचता येतं. मी यवतमाळला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आजवर जे काही लिहिलं ते प्रयोगवहीत: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. डाव्या पानावर पेन्सिलनं आकृती. एवढ्याशा सवयीवर आपल्या घरची गोष्ट लोकांपुढे ठेवावी का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यात गोष्टही काही मोठी नाही. एका लहान खोलीत एक लहान शेगडी बसवली, इतकीच आहे. तरी ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव दारव्ह्यापासून शेअर जीपनं अर्ध्या तासावर. वावर गावाच्याही पुढे, नाल्यापलीकडे. पावसाळ्यात कापूस आणि मधात तुरीचे तास, म्हणजे ओळी, हिवाळ्यात पाणी पुरेल तेवढ्या तुकड्यात हरभरा. हरभऱ्याला घाटे धरू लागले की रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगाई येतात, आणि एकदा कळप शिरला की सकाळी नुसती नांगरल्यासारखी जमीन दिसते. त्यामुळे जागल करावी लागते. दिवाळीनंतर काही दिवसांनी बा आपली गोधडी घेऊन वावरातल्या खोलीत राहायला जातो, तो हरभरा घरी येईपर्यंत तिथंच झोपतो. झोपतो म्हणायचं, पण थोड्या थोड्या वेळानं उठून टिनाचा डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची, पुन्हा आडवं व्हायचं. दिवसा पुन्हा काम आहेच. हिवाळाभर बाचे डोळे लालच असतात.

ती खोली आठ फूट बाय दहा फूट. भिंती तुराट्यांच्या, दोन्ही अंगांनी शेणामातीनं लिंपलेल्या. वर बांबू, बांबूवर टिन. आत एक बाज, फवारणीचा पंप, रिकाम्या चुंगड्या-पोती आणि कोपऱ्यात शेवटच्या वेच्यातला कवडी कापूस, म्हणजे किडका, अर्धवट उमललेला, डागी, जो बाजारात कुणी विचारत नाही.

हा कापूस आमच्याकडे कधी वाया जात नाही. कापसाच्या गावात कुठं भोक दिसलं की हात आधी कापसाकडे जातो. थंडीत कानात कापूस. पंपाचा नट गळतो, कापूस. उंदराचं बीळ, दाराची फट, टिनातलं खिळ्याचं छिद्र, सगळ्याला कापूसच. यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. बा दर हिवाळ्यात खोलीत राहायला गेला की पहिल्या दिवशी बसून भिंतीची एकेक फट कापसानं बुजवत असे, आणि मग फुटक्या घमेल्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि बाभळीचे तुकडे पेटवून दार लावून घेत असे.

तीन वर्षांपूर्वी बाला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेऊन तो बरा झाला, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धुरात बसायचं नाही. बानं मान हलवली. मग हिवाळा आला आणि तो पुन्हा घमेल्यापाशी बसला.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी सुटीत घरी होतो. सकाळी मायनं चहा किटलीत ओतून दिला आणि मी वावरात गेलो. दार आतून लावलेलं. हाका मारल्या, आवाज नाही. दार तसं तकलादू, खांद्यानं उघडलं. बा बाजेवर पडलेला, तोंड उघडं, घमेल्यात राख. मी हलवलं, गाल थोपटले, तो उठेना. दोन्ही बगलांत हात घालून त्याला बाहेर ओढून आणलं आणि बांधावर निजवलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. ओकला. दिवसभर डोकं धरून बसला.

घरी आल्यावर माय म्हणाली, कुणाची तरी नजर लागली, आणि मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मला कारण माहीत होतं. बंद खोलीत अर्धवट जळलेल्या लाकडातून जो वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळाले होते.

"जागल सोड ना बा," मी म्हणालो.

"मंग हरभरा कोन राखन? तू? यवतमाळवरून?"

"तं आत आग तरी नको करू."

"एक रात झोपून पाय तिथं. मंग सांग मले."

मी झोपून पाहिलं. पहाटे मीच उठून घमेलं पेटवलं. त्यानंतर त्याला काही सांगायचं तोंड मला उरलं नाही. हवा यावी म्हणून मी भिंतीतला थोडा कापूस काढून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जागच्या जागी होता.

यंदा वसतिगृहात फोनवर काहीबाही पाहताना मला लाकडी खोल्यांचे व्हिडिओ दिसले. कुठल्याशा थंड देशातले. बाहेर बर्फ, आत आमच्या खोलीएवढीच जागा, कोपऱ्यात लोखंडाची लहान शेगडी, तिचा पाइप छतातून वर गेलेला. माणूस शेजारी बसून पुस्तक वाचतोय आणि डोळे चोळत नाहीये. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. शेगडी भिंतीपासून किती लांब, खाली काय अंथरलंय, पाइप कुठून जातो, हे थांबवून थांबवून वहीत उतरवलं. शेजारच्या खाटेवरचा मित्र म्हणाला की अभ्यास कर, प्रॅक्टिकल जवळ आलंय. तेही खरंच होतं.

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागे वेल्डिंगचं एक दुकान आहे. तिथल्या भाऊंना मी माझी आकृती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती सरळ पाहिली, मग आडवी पाहिली.

"आश्रम काढून राह्यला का रे?"

"नाही, वावरातल्या खोलीत लावायची आहे. बाले धूर चालत नाही."

"इंजिनेर आहे का तू?"

"बीएस्सी. मायक्रोबायोलॉजी."

"म्हंजे काय असते?"

"जंतू."

"जंतूवाल्यानं शेगडी कायले काढाव बाप्पा," ते म्हणाले. "आकृती भारी आहे. बाण मारून नावं बी टाकली. पण हे दार कोणीकडं उघडन? बिजागरी कुठी आहे?"

बिजागरी मी काढलीच नव्हती.

पण चेष्टा झाल्यावर त्यांनी मन लावून ऐकलं. त्यांच्याकडे टँकरच्या मोठ्या पाइपाचा एक जाड तुकडा पडलेला होता. त्याला दोन्हीकडून बंद करून पुढे दार, खाली हवेसाठी सरकती पट्टी, वर धुराड्याचं तोंड, असं करायचं ठरलं. मी कोपऱ्यातल्या चकचकीत पांढऱ्या पाइपाकडे बोट दाखवलं, तर ते म्हणाले, "थो नको. त्याच्यावर जस्त असते. तापला की त्याचा धूर डोक्यात जाते. वेल्डिंग करून करून आमचं डोकं गेलंच आहे, तुया बाचं राहू दे. काळा घे. अन् बसवायच्या आधी बाहेर दोनदा पेटवून घेजो, जुना रंग जळून जाऊ दे."

मग त्यांनी माझीच वही घेऊन खडू लागलेल्या बोटांनी तिच्यात काढून दाखवलं. धुराडं टिनाच्या शेंड्यापेक्षा दोन हात वर न्यायचं, नाही तर वाऱ्यानं धूर माघारी येतो. वर टोपी. आणि पाइप जिथून टिनातून वर जातो तिथं टिन मोठं कापायचं.

"पाइपाच्या चारी आंगानं वीतभर जागा पाह्यजे. बांबूले टेकला की गेली खोली. त्या भोकावर मी तुले पत्र्याची थाळी करून देतो, मधात पाइपाएवढं भोक. थाळी बसली की पाणी बी येत नाही अन् आग बी लागत नाही."

मी लिहून घेतलं. 'वीतभर जागा' याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

शेगडी आणि पाइप मी एका शुक्रवारी उचलले. थाळी झाली नव्हती. भाऊंना साळ्याच्या लग्नाला जायचं होतं, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात घेऊन जा. पण पुढच्या मंगळवारपासून माझं प्रॅक्टिकल होतं आणि त्यानंतर प्रकल्पाच्या कामामुळे पंधरा दिवस घरी येणं होणार नव्हतं. थंडी वाढली होती. मायनं फोनवर सांगितलं होतं की बा पुन्हा खोकतोय. मी ठरवलं की थाळी नंतर बसवू, बाकीचं तरी करून टाकू. शेगडी जीपच्या टपावर बांधली. खाली बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, हे काय दारूची भट्टी घेऊन चालला का. सगळी जीप हसली. मीही हसलो, पण अंगात हसायचा जोर नव्हता.

शनिवारी शेगडी बाहेर दोनदा पेटवून जुना रंग जाळला, बाकी दिवस जमीन करण्यात गेला. रेती टाकून तिच्यावर दोन जुन्या फरश्या बसवल्या. शेगडी आणि तुराट्यांची भिंत यांच्यात विटांची एक बुटकी भिंत उभी केली, आणि तीही मागच्या भिंतीला न टेकवता, मधे हवा खेळेल अशी. मायनं ती लिंपून दिली. लिंपता लिंपता म्हणाली, "एवढा शिकला अन् चूल मांडाले आला. चूल तं मले बी मांडता येते."

बा दारात उभा राहून जागा मोजत होता. तो हातानं मोजतो, मी फुटपट्टीनं. दोघांचं उत्तर एकच आलं, की शेगडीला एवढी मोकळी जागा सोडली तर बाज भिंतीला चिकटवावी लागते आणि पंप बाहेर ठेवावा लागतो.

"हे तं बंबासारखं आहे," बा शेगडीकडे पाहून म्हणाला. "पाणी कुठी टाकाचं?"

"पाणी नाही टाकायचं."

"मंग एवढं लोखंड कायले?"

जमिनीलगत हवा आत यायला मी भिंतीत हाताएवढं भोक पाडलं, तेव्हा मात्र तो खरंच नाराज झाला. वर्षानुवर्षं फटी बुजवणाऱ्या माणसासमोर मुलगा भिंत फोडत होता. "साप येईन," तो म्हणाला. मी जाळी ठोकली. तो त्या जाळीकडे बराच वेळ पाहत राहिला.

रविवारी सकाळी शेजारच्या वावरातले काका मदतीला आले. हे काका आमच्या नात्यातले नाहीत, पण बांधाला बांध लागून आहे आणि जागलीलाही दोघांची सोबत असते. आम्ही टिन कापलं, पाइप उभा केला, तारेनं तीन बाजूंनी ताणून बांधला. भोक मोठं ठेवलं, पाइप बांबूपासून वीतभर दूर. दुपारी आत पहिल्यांदा पेटवलं. लहानच जाळ केला, चार-पाच काटक्या. पहिल्या क्षणी थोडा धूर आत आला, मग धुराडं तापलं आणि शेगडीनं घर्र असा आवाज करून सगळा वर ओढून घेतला.

"आवाज करते," बा म्हणाला.

"हवा ओढते म्हणून."

"हं."

तो तिच्यापुढे उकिडवा बसला. हात पुढे केले. आगीपाशी डोळे बारीक न करता बसलेला बा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला असेन. काही वेळानं त्यानं विचारलं, "धूर कुठी गेला?" मी त्याला बाहेर नेऊन दाखवलं. टिनाच्या वर धुराची एक पातळ रेघ सरळ जात होती. काका म्हणाले, "आता डुकराले वाटन, इथी साहेब राहाले आला."

मी बाला सांगितलं की आजच्या संध्याकाळपासून रोज पेटव. दार बोटभर उघडं ठेवत जा. खालचं भोक बुजवायचं नाही.

"नाही बुजवत."

"शपथ घे."

"तू माया बा आहे का मी तुया?"

काका घरी गेले. शेगडी विझून गार झाली. बा जरा बाजेवर आडवा झाला, वर पाहिलं आणि म्हणाला, "वरून आभाळ दिसते बाबू. दहिवर पडन आंगावर." तेवढ्यात लाइन, म्हणजे वीज, आली. आमच्याकडे मोटारीची लाइन आली की हातातलं सगळं टाकून जावं लागतं. तो उठून ओलिताला गेला.

मी खोलीत एकटाच होतो. तीनची जीप पकडायची होती. दोन दिवस अंगाला माती, रेती, गंज. पाठ दुखत होती, आणि डोक्यात मंगळवारच्या प्रयोगांची यादी चालू होती. वर पाहिलं. पाइपाभोवती निळं आभाळ गोल दिसत होतं. थाळी यायला पंधरा दिवस होते, आणि तोपर्यंत बाच्या छातीवर गारठा उतरणार होता. मी बाज ओढली, तिच्यावर चढलो, कोपऱ्यातून हातात येईल तेवढा कापूस घेतला आणि ते भोक नीट, घट्ट, चारी बाजूंनी बुजवून टाकलं. चांगलं दाबून बसवलं. आभाळ दिसेनासं झालं. मला बरं वाटलं. हात झटकले आणि जीपच्या दिशेनं धावलो.

यापुढचं लिहिण्याआधी वही दोनदा मिटली.

मंगळवारी प्रॅक्टिकलचा पहिला दिवस होता. आमच्या विषयात काचेच्या चंबूच्या तोंडाला कापसाचं बूच लावतात, म्हणजे हवा जाते पण जंतू जात नाहीत. मी टेबलापाशी उभा राहून बूच वळत होतो. समोर बर्नर पेटलेला. मॅडम मागून जाता जाता सहज म्हणाल्या, "बूच ज्योतीपासून लांब धरा रे. कापूस आहे तो, लगेच पेट घेतो."

माझी बोटं तिथंच थांबली. त्या बोटांना आठवलं. घट्ट, चारी बाजूंनी, दाबून.

चंबू खाली ठेवला तो थोडा आपटलाच. मॅडमनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी पाणी प्यायला जाऊ का म्हणालो. फोन बाहेर दप्तरात होता. बा फोन वापरत नाही, घरी एकच फोन आहे, तो मायकडे असतो. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं उचलला.

"माय, बा कुठी आहे?"

"वावरात. काहून?"

"बरा आहे ना?"

"बरा आहे ना बाप्पा. त्याले काय झालं? तुयी परीक्षा आहे ना आज?"

"माय, आईक. शेगडीच्या पाइपापाशी वर मी कापूस कोंबला आहे. थो काढून टाकाले सांग. आता जाऊन सांग. तोवर पेटवू नको म्हणा."

मागे कुणाच्या तरी शेळीचा आवाज येत होता.

"सांगतो," ती म्हणाली. "तू पेपर दे नीट."

"पेटवली होती का त्यानं?"

"मले काय माहीत. मी कुठी जातो तिकडं सांजचं. ठेव, भाजी जळते."

सकाळचे अकरा वाजले होते. त्या वेळी माय भाजी करत नसते, निंदायला किंवा वेचायला गेलेली असते. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. मी प्रयोगशाळेत परत गेलो. वहीत निरीक्षणं लिहिली. काय लिहिलं ते आता आठवत नाही.

दुपारी काकांना लावला, त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा मायला लावला.

"सांगतलं का?"

"हो हो, सांगतलं. काढला त्यानं. जेवला का तू?"

"बाले दे ना फोन."

"थो वावरात आहे, मी घरी. कसा देऊ? तू काय म्हणतं."

सगळं बरोबर होतं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि तरी मला एकही पटत नव्हतं. बुधवारीही तेच. जेवला का, झोपला का, पेपर कसा गेला. मायनं दोन दिवसांत मला जितकं जेवणाबद्दल विचारलं तितकं वर्षभरात विचारलं नसेल. दारव्ह्याची एसटी धरून निघून जावं असं दोनदा वाटलं. एकदा बसस्टँडपर्यंत गेलोही. बस लागलेली होती. पण प्रॅक्टिकल बुडलं तर वर्ष बुडतं, आणि ते वर्ष माझं एकट्याचं नव्हतं. मी तसाच परत आलो. खाटेवर पडलो की पाइपाभोवतीचा तो गोल दिसायचा, आधी निळा, मग पांढरा. पुढचा रंग मी डोळे उघडून टाळत होतो. एखाद्याला आपण इतक्या काळजीनं जाळू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की कापसाच्या बुचाचे फायदे सांगा. मी सांगितले. तोटे विचारले. मी म्हणालो, "पेटतो." ते थांबले, की मी आणखी काही बोलेन. मग त्यांनी पुढचा मुलगा बोलावला.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो तोच फोन वाजला. काका होते.

"झाली का तुयी परीक्षा?"

"हो काका."

"पक्की झाली? उद्या काही नाही ना?"

"नाही. संपली."

"मंग सांगतो. तुया मायनं शपथ घातली होती, गुरुवारपर्यंत तोंड उघडाचं नाही. आता आईक, अन् घाबरू नको, सगळं झालं-गेलं आहे."

त्यांनी जे सांगितलं ते असं. मी गेलो त्याच रविवारी, अंधार पडता पडता बानं शेगडी पेटवली. दुपारी मी चार काटक्या टाकल्या होत्या, त्यानं बाभळीची लाकडं भरली. थोड्या वेळानं त्याला कापूस करपल्याचा वास आला. तो वास आमच्याकडे सगळ्यांना कळतो. वर पाहिलं तर भोकाच्या कडेनं लाल दिसत होतं. मग पेटत्या कापसाचा एक गोळा बाजेवरच्या गोधडीत पडला. बानं गोधडी दाराबाहेर फेकली, बाजेवर चढला आणि सगळा कापूस हातानं ओढून काढला. मग मडक्यातलं पाणी वर मारलं. दोन बांबू काळे झाले, बाकी खोली तशीच आहे. डाव्या हाताचा तळवा भाजला. सोमवारी काकांनीच त्याला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, मलम-पट्टी केली. फोड आले होते, आता उतरताहेत. बोटं हलतात.

"कापूस कोनं कोंबला म्हणून मी इचारलं," काका म्हणाले. "तं म्हणे, मीच कोंबला."

मी माझा डावा तळवा उघडून पाहिला.

"आईकून राह्यला ना?"

"हो."

"मंगळवारी तुया मायनं येऊन तुया निरोप सांगतला, तवा तुया बा हसला. म्हणे, पोराले आठवलं."

"अन् शेगडी?" मी विचारलं. "काढून टाकली?"

"कायले काढन? काल फुटक्या मडक्याचा गळा काढला आम्ही. मी टिनावर चढलो, वरून पाइपाभोवती घातला, चारी बाजूनं माती-राख लिंपली. तुया बा एका हातानं खालून दाखवत होता अन् शिव्या देत होता. मस्त बसला. आता पाणी बी नाही, आभाळ बी नाही. तुया वेल्डिंगवाल्याले सांग, थाळी त्याच्या साळ्याले दे."

मला वाटलं आता संपलं.

"अन् आज सकाळी मी चहा घेऊन गेलतो," ते म्हणाले. "हाका मारल्या, उठेच ना."

मी पायरीवरून उठून उभा राहिलो. "डोकं दुखते म्हणे का? ओकला का? खालचं भोक उघडं होतं का?"

"उघडं होतं, जाळी बी होती, दार बी बोटभर उघडं होतं. घोरून राह्यला होता लेकाचा. हलवलं तं चिडला. म्हणे, झोपू दे बे, लय वर्षानं झोप लागली. खोकला नाही, काही नाही. बाहेर येऊन पाह्यतो तं डुकरानं हरभऱ्याचे दोन तास बांधापासून बांधापर्यंत साफ खाऊन टाकले."